घरातली दुखापत: दवाखाना की थेट रुग्णालय?

घरात कापले, भाजले किंवा मूल पडले तर आधी फॅमिली डॉक्टरांकडे जावे की थेट रुग्णालय गाठावे, असा आपला प्रश्न आहे. उभे आयुष्य दवाखान्यात गेल्यामुळे माझे मत एकांगी वाटेल. तरीही अशा बहुतेक दुखापती दवाखान्यातच निभावतात. मात्र जखम केवढी दिसते यापेक्षा तिच्यापुढचा अवयव नीट चालतो का, हे आधी पाहावे.

सुरीने बोट कापल्यास स्वच्छ कापडाने सलग १० मिनिटे घट्ट दाबून धरावे. कापड सारखे उचलून पाहिल्यानेच रक्त पुन्हा वाहू लागते. टाके घालण्यापूर्वी डॉक्टर बोटाचे प्रत्येक पेर वाकवायला आणि सरळ करायला लावतात, तसेच भूल देण्याआधी टोकाला स्पर्श कळतो का ते पाहतात, कारण वरची चीर अर्ध्या इंचाची असली तरी आतला स्नायुरज्जू (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) किंवा मज्जातंतू तुटलेला असू शकतो. तसे असेल तर शल्यविशारदाकडेच जावे लागते. धनुर्वाताच्या लसीची मात्रा कधी घेतली, ते लिहून ठेवावे. प्राथमिक लसीकरण पूर्ण असल्यास स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी ती १० वर्षे पुरते, मळलेल्या किंवा खोल जखमेसाठी ५. दर खरचटण्याला इंजेक्शनचा आग्रह धरणारे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत.

भाजल्यावर अंगठी-बांगडी काढून तो भाग २० मिनिटे नळाखाली धरावा; बर्फ आणि टूथपेस्ट नकोच. चेहरा किंवा सांधा भाजला असेल, अथवा विजेने भाजले असेल, तर रुग्णालय गाठावे.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला हात धरून वर ओढले की पुष्कळदा कोपरातले एका हाडाचे डोके भोवतीच्या बंधातून किंचित निसटते. मूल एरवी शांत असते, पण तो हात अंगालगत लोंबता ठेवते. डॉक्टर कोपर आधाराने धरून तळहात जमिनीकडे वळवतात, अंगठ्याखाली बारीकशी टक् जाणवते आणि थोड्याच वेळात मूल त्याच हाताने टेबलावरचे पेन ओढते. मूल पडले असेल किंवा कोपर सुजले असेल, तर मात्र आधी एक्स-रे.

डोक्याला मार लागून वारंवार उलट्या, गुंगी किंवा झटके आले तर दवाखान्याच्या रांगेत बसू नये. मुलाने बटण-सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी तेच करावे: दोन तासांतही अन्ननलिका आतून जळू शकते, म्हणून उलटी न करवता लगेच एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.