यजमान सीमेवर असताना दूरशिक्षण : ग्वाल्हेरच्या मुरार छावणीतील नव्या वहिनींसाठी

वहिनी, यजमानांची फील्ड पोस्टिंग आणि तुमचा इग्नूतील (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातील) प्रवेश एकाच वर्षी आला, म्हणून शिक्षण सोडण्याचा विचार कृपया मनात आणू नका. बी.ए. किमान 3 वर्षांत होते, परंतु ते पूर्ण करण्यास 6 वर्षांपर्यंत मुदत मिळते. म्हणून ज्या सहामाहीत यजमान सुट्टीवर येणार असतील, त्या सहामाहीत मोजकेच विषय परीक्षेला घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगते. सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, आणि ग्वाल्हेरच्या जूनमधील उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. शक्य तेवढे जड विषय डिसेंबरसाठी ठेवावेत. स्वाध्याय मात्र वेळेवर द्यावेत.

यजमानांच्या फोनची वेळ आपल्या हाती नसते. त्यामुळे थेट तासिकांवर विसंबण्यापेक्षा ध्वनिमुद्रित व्याख्याने उतरवून घ्यावीत, मुले उठण्यापूर्वी ऐकावीत, आणि फोन आला की पुस्तक निःसंकोच मिटून मनसोक्त बोलावे, कारण तो वेळ अभ्यासाइतकाच घराच्या हक्काचा आहे. अभ्यासाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मात्र त्यांची युनिट, ठिकाण किंवा परतण्याची तारीख कधीही लिहू नये. उशिराचे कारण विचारल्यास ‘घरगुती अडचण’ एवढे उत्तर पुरते.

सासूबाई ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात राहत असतील, तर परीक्षेच्या आठवड्यासाठी त्यांना महिनाभर आधीच विचारून ठेवावे. ऐनवेळी निरोप पाठवला, तर त्यांचीही धावपळ होते.