ट्रेनर म्हणजे जिमवाली नाही गं!

अगं,

तुझा मेसेज परवाच वाचला पण सीझन चालू आहे ना, शुक्रवारी रात्री मॅच आणि शनिवारी सकाळी माझ्या खोलीत लंगडणाऱ्यांची रांग, म्हणून आज निवांत लिहितेय. बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री, झाल्यावर परत दोन वर्षं शिकून "ट्रेनर" होणार का, असं काका म्हणाले ना? मनावर घेऊ नको. मला टेक्सासमध्ये इतकी वर्षं झाली तरी मावशी फोनवर विचारते, जिम कशी चाललीय. इथले पालकसुद्धा विचारतात! अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अॅथलेटिक ट्रेनिंगला, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती सांभाळायच्या या कामाला, १९९० मध्येच आरोग्यसेवा मानलंय, टेक्सासात तर १९७१ पासून लायसन्स लागतं, पण हे सगळं पाठ म्हणून दाखवून काही होत नाही, मी करून बघितलंय.

काम कशाने झालं सांगू? टाक्याने. गुरांना पाणी पाजायचं मोठं टाकं असतं ना, तसलं मी शाळेकडे मागितलं, तर उत्तर आलं की बर्फाच्या पिशव्या आहेत की. मग ऑगस्टच्या दुपारी शाळेच्या साहेबांना मैदानावर घेऊन गेले आणि म्हटलं, समजा इथे पोराला उष्माघात झाला, तर आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड करायचं आणि मगच हलवायचं, हातात जेमतेम अर्धा तास, आता सांगा कुठे बुडवू? घाम पुसत उभे राहिले बिचारे. पुढच्या आठवड्यात टाकं आलं. पेशाची बाजू मांडायची म्हणजे मला तरी एवढंच कळतं, पेशंटची गरज समोरच्याला उन्हात उभं करून दाखवायची.

आता त्याच उष्माघातात ताप मोजायचा तो गुदद्वारातूनच, कपाळावरचा किंवा तोंडातला आकडा तिथे फसवतो. हे पोर पडल्यावर सांगायचं नसतं गं! सीझनच्या आधीच प्रत्येकाला आणि घरच्यांना सांग, चादर कशी धरणार, जवळ कोण थांबणार. हिजाब घालणारी एक मुलगी होती, तिने फक्त विचारलं की तेव्हा पुरुष कोच आसपास असतील का. नसतील म्हटलं, तसं प्लॅनमध्ये लिहिलं, विषय संपला. आधी विचारलं नसतं तर ती पोर सगळा सीझन धाकधुकीत खेळली असती.

सिकल सेलचं, त्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं, तर तुला सांगायला नको, आपल्याकडे गडचिरोली-नंदुरबारला सगळ्यांना माहितीय. इथे बऱ्याच जणांना वाटतं तो फक्त काळ्या मुलांचा प्रश्न. एका कोचने मला सरळ विचारलं, हा तर इंडियन आहे, याला सिकलचं कशाला विचारतेस? म्हटलं, मी चंद्रपूरची आहे, म्हणूनच विचारतेय. सिकल ट्रेट असलेला, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच तो दोष आलेला, मुलगा धावता धावता पडला तर पेटक्यासारखे स्नायू दगड होत नाहीत, पायातला जीव गेल्यासारखा तो नुसता खाली बसतो, आणि कोचला वाटतं नाटक करतोय. त्याला त्याच्या वेगाने धावू दे, मध्ये थांबू दे. फॉर्मवरचा तो प्रश्न रंग बघून गाळायचा नाही.

आणि माझी एक चूक ऐकून ठेव. पहिल्याच वर्षी एका मुलाच्या डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसला, म्हणजे कन्कशन, आईला फक्त स्पॅनिश येत होतं, आणि सोबत त्याचा नऊ वर्षांचा भाऊ. मी घाईत त्यालाच म्हटलं, आईला सांग. तो दोन वाक्यं बोलला, आई हसली, मान हलवली, मला वाटलं झालं. सोमवारी कळलं की पोरगा रविवारी मामांच्या टीमकडून फुटबॉल खेळून आला, कारण त्या चिमुरड्याने सांगितलं होतं, टेंगूळ आलंय, बर्फ लाव. त्याचा काय दोष? पोरगा सुखरूप राहिला पण ते नशीब होतं, माझं काम नव्हतं. तेव्हापासून फोनवर दुभाष्या घेते, दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील, आणि शेवटी आईलाच विचारते की घरी गेल्यावर काय काय करणार, सांगा बघू. कोच घड्याळ दाखवतो, दाखवू दे. इथल्या २०११ च्या कायद्याने कन्कशननंतर पोराला परत खेळवायची परवानगी कोच देऊच शकत नाही, हे त्याला न चिडता सांगायला शीक. मला ते "न चिडता" अजून नीट जमत नाही.

बाकी फोनवर बोलू. आणि हो, टाकं मिळालं की झाकणपण मागून घे, डास फार होतात.

तुझी ताई