दारातला माणूस कोण? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : २२ नोव्हेंबर १९६३ला डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हाच्या प्रसिद्ध फोटोत मागच्या इमारतीच्या दारात एक माणूस दिसतो. तो ली हार्वी ओसवाल्डच आहे, असं एका व्हिडिओत ठासून सांगितलंय. तसं असेल तर ज्याच्यावर या हत्येचा ठपका आहे तो ओसवाल्ड गोळ्या जिथून झाडल्या असं मानतात त्या, त्याच इमारतीच्या सहाव्या मजल्यावर असूच शकत नाही. खरं काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : तो माणूस ओसवाल्ड नाही. तो त्याच इमारतीत, म्हणजे टेक्सस स्कूल बुक डिपॉझिटरीत काम करणारा बिली लव्हलेडी. शंका घेणाऱ्यांना वेड्यात काढण्याचं मात्र कारण नाही. चेहऱ्याची ठेवण आणि उघडी गळपट्टी, आत पांढरा बनियन, हे साम्य १९६४मध्येच लोकांच्या नजरेत भरलं होतं आणि हत्येची सरकारी चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगालाही आपल्या अहवालात त्याची दखल घ्यावी लागली.

फोटो असोसिएटेड प्रेसच्या जेम्स आल्टजेन्स यांचा. ते एल्म स्ट्रीटच्या दक्षिण कडेला उभे होते आणि गाड्या त्यांच्याकडे येत होत्या. समोरच्या काचेतून केनेडी आणि त्यांच्या हाताला धरलेला जॅकलीनबाईंचा पांढऱ्या हातमोज्यातला हात दिसतो. मागच्या गाडीवरचे सीक्रेट सर्व्हिसचे काही जण मान वळवून मागे बघताहेत. त्यांच्याही मागे, चित्राच्या डाव्या अंगाला इमारतीचं दार आहे आणि दाराच्या डाव्या कडेला तो माणूस. फोटोची वेळ नेमकी ठरवता येते. झप्रूडर या प्रेक्षकानं हा प्रसंग टिपला, त्या चित्रफितीशी जुळवलं की तो २५५व्या चौकटीपाशी (फितीतल्या २५५व्या चित्रापाशी) बसतो. डोक्याला गोळी लागते ती ३१३वी चौकट. कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला १८.३ चौकटी, म्हणजे फोटो त्या क्षणाच्या सुमारे ३.२ सेकंद आधीचा. म्हणूनच हा माणूस कोण याला इतकं महत्त्व आलं.

साक्षी अशा. लव्हलेडीनं आयोगापुढे फोटोत स्वतःवर बाणाची खूण केली. ब्यूएल वेस्ली फ्रेझरनंही तोच माणूस दाखवला. फ्रेझरच्या साक्षीचं वजन जास्त, कारण तो स्वतः त्याच पायऱ्यांवर होता, दोघांना रोज बघत होता आणि त्या दिवशी सकाळी ओसवाल्डला आपल्या गाडीतून त्यानंच कामावर आणलं होतं. आयोगाच्या छापील प्रतीत लव्हलेडीचा बाण काळ्या भागावर पडल्यामुळे धड दिसत नाही. ‘बाण गायब केला’ हा आरोप त्यातून निघालेला आहे. प्रश्नोत्तरं वाचली तर एक बाण काळ्यावर आणि एक पांढऱ्यावर, असं तिथेच नोंदवलेलं सापडतं.

प्रश्न : पण लव्हलेडीनं लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा शर्ट घातला होता, असं एफबीआयच्याच कागदात आहे. फोटोतला शर्ट तसा दिसत नाही. मग? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : सगळ्या वादातला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे. २९ फेब्रुवारी १९६४ला एफबीआयनं लव्हलेडीचे फोटो काढले, त्यात त्याच्या अंगावर आखूड बाह्यांचा पट्ट्यांचा शर्ट आहे. त्या दिवशी हाच शर्ट होता, असं एफबीआयनं आयोगाला कळवलं. दारातल्या माणसाच्या बाह्या लांब आहेत. पुढे लव्हलेडीनं सांगितलं की, फोटोला त्याच दिवसाचा शर्ट घालून ये, असं आपल्याला कोणी म्हटलंच नव्हतं. प्रत्यक्षात शर्ट चौकड्यांचा होता. ओळख पटवण्यासाठी फोटो काढायचा आणि कपडे तेच आहेत का याची खातरजमा करायची नाही, ही तपासातली ढिलाई अक्षम्यच आहे. पुढची कित्येक वर्षं लोक तिच्यामुळे गोंधळात राहिले.

चौकड्यांचा शर्ट नंतर सुचलेली सबब नाही, हे त्याच दिवशीच्या चित्रफितींवरून कळतं. पोलीस मुख्यालयात ओसवाल्डला आत नेताना चौकड्यांच्या शर्टातला लव्हलेडी तिथे बसलेला दिसतो. दोन्ही माणसं आणि दोन्ही शर्ट एकाच चित्रणात! ओसवाल्डचा तपकिरी शर्ट आयोगाचा पुरावा क्रमांक १५० आहे. त्यावर लांबून उठून दिसतील अशा चौकड्या नाहीत. पकडतानाच्या झटापटीनंतर तो शर्ट पुढून उघडा राहिलेला होता. त्यामुळे अटकेनंतरच्या फोटोंतली उघडी गळपट्टी साडेबारा वाजताही तशीच असणार, असं धरून चालता येत नाही. शिवाय गोळीबारानंतर खोलीवर जाऊन शर्ट बदलला, असं ओसवाल्डनं स्वतः चौकशीत सांगितलं होतं. आयोगानं ते मानलं नाही, पण जे ओसवाल्डच्या शब्दावर भिस्त ठेवतात त्यांनी निदान हा शब्द तरी सोडू नये.

१९७०च्या दशकात अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीनं हे प्रकरण पुन्हा तपासलं. मानववंशशास्त्रज्ञांनी चेहऱ्याची मापं ताडून पाहिली, छायाचित्रतज्ज्ञांनी शर्टाची नक्षी. दोन्ही गोष्टी लव्हलेडीकडे झुकल्या. समितीचा १९७९चा निष्कर्ष : तो लव्हलेडी असण्याची शक्यता फार मोठी, ओसवाल्ड असण्याची फारच कमी. आमच्या मते या दोहोंत शर्टाचा पुरावा अधिक भक्कम आहे. का, ते पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : मी फोटो मोबाइलवर मोठा करून एका ॲपनं स्वच्छ केला आणि चेहरा जुळवला. ॲप ओसवाल्ड म्हणतं. घरच्या घरी खात्रीशीर तपासणी कशी करायची? – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी कागद-पेन्सिल घ्या. आल्टजेन्स यांचा कॅमेरा ३५ मिलिमीटरचा, लेन्स १०५ मिलिमीटरची. दारापर्यंतचं अंतर अंदाजे २५० फूट धरा. निगेटिव्हवरचा आकार काढायला वस्तूच्या फुटांना १०५नं गुणायचं आणि २५०नं भागायचं. अर्ध्या फुटाचा चेहरा निगेटिव्हवर ०.२१ मिलिमीटर रुंद येतो. ४००० डीपीआयनं (इंचाला ४००० ठिपके) स्कॅन केलं तर मिलिमीटरला सुमारे १५७ पिक्सेल, म्हणजे सगळा चेहरा मिळून ३३ पिक्सेल. दोन डोळ्यांमधलं अंतर जेमतेम १४. त्यातही वेगवान काळ्या-पांढऱ्या फिल्मचा ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, मिसळलेला. मिलिमीटरला ५० रेषाजोड्या (एक काळी, एक पांढरी) वेगवेगळ्या दिसल्या असं उदारपणे मानलं, तरी चेहऱ्यावर अशा दहाच जोड्या बसतात. नाकाची धार, भुवईची वळणं या मापात उरतच नाहीत.

आता शर्ट बघा. दोन इंचांची चौकड ०.०७ मिलिमीटरची, ती सहज टिकते. पाव इंचाची पट्टी ०.०१ मिलिमीटरची, ती ग्रेनमध्ये विरून जाते. म्हणून कापडावरची मोठी नक्षी या फोटोत चेहऱ्यापेक्षा विश्वासू साक्षीदार आहे.

तुमच्या ॲपनं काय केलं तेही लक्षात घ्या. असे ॲप नसलेला तपशील शोधून काढत नाहीत, शिकलेल्या हजारो चेहऱ्यांवरून भरून टाकतात. भरलेला चेहरा दुसऱ्या चेहऱ्याशी जुळला, याला पुरावा म्हणता येत नाही. ‘स्वच्छ करा’ हे बटण ओळखीच्या कामात दाबूच नका.

त्याऐवजी शक्य तितकी मूळ निगेटिव्हच्या जवळची, न कापलेली प्रत मिळवा. त्या दिवशी हा फोटो तारेनं वर्तमानपत्रांकडे गेला. वायरफोटोत आडव्या रेषा येतात, उठाव वाढतो आणि करड्या छटा मरतात. त्यावर पेपरची ठिपक्यांची जाळी, इंचाला ६५ ते ८५ रेषांची. ही जाळी आणि शर्टाच्या चौकड्या एकमेकींवर पडल्या की भलतीच नक्षी तयार होते, आणि ‘रंगवून बदललेला फोटो’ म्हणून दाखवले जाणारे कितीतरी डाग तिथूनच येतात. प्रत मिळाली की फक्त उजळपणा कमी-जास्त करून पाहा, पण सबंध चित्राचा, एका तुकड्याचा नव्हे. मग तोच माणूस त्या दिवशीच्या दुसऱ्या चित्रणांत शोधा : उभं राहण्याची जागा, खांब, शेजारी कोण. एक खबरदारी मात्र घ्या. १०५च्या लेन्सनं पुढचं-मागचं अंतर चेपलं जातं. फुटपाथवरचा माणूस दारातल्याच्या खांद्याला चिकटल्यासारखा दिसतो आणि खांदा कापलेला वाटतो. त्या ‘कापलेल्या’ खांद्यावरही बरंच लिहिलं गेलंय, ते सोडून द्या.

प्रश्न : ‘प्रेयर मॅन’ म्हणतात तो हाच का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही, आणि या दोघांची सरमिसळ फार होते. प्रेयर मॅन आल्टजेन्सच्या फोटोत दिसत नाही. डार्नेल आणि वीगमन या वृत्तचित्रकारांच्या फितींत, दाराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात छातीपाशी हात धरलेली एक आकृती आहे, ती ही. तो ओसवाल्ड असं म्हणणारे बहुतेक अभ्यासक दारातला माणूस लव्हलेडी हे मान्य करूनच पुढे जातात. त्यांचा मोठा आधार म्हणजे ओसवाल्डची चौकशी करणारे डॅलसचे पोलीस अधिकारी कॅप्टन फ्रिट्झ यांची १९९०च्या दशकात उजेडात आलेली चौकशीची टिपणं. त्यांत ओसवाल्डच्या तोंडी, बिल शेलीबरोबर बाहेर पुढे होतो, अशा अर्थाची तुटक नोंद आहे. शेली हा तिथला फोरमन. पण ही नोंद गोळीबाराच्या क्षणाची की नंतर बाहेर पडतानाची, हे त्या ओळीत नाही, आणि आकृती पुरुषाची की बाईची इथूनच मतभेद आहेत. यावर उपाय एकच : मूळ फिती आजच्या दर्जानं स्कॅन करून अभ्यासकांना खुल्या करणं. ही मागणी रास्त आहे.

प्रश्न : साराजेव्होत २८ जून १९१४ला ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या करणाऱ्या गाव्रिलो प्रिन्सिपला पकडतानाचा म्हणून जो फोटो सगळीकडे छापतात, त्यातला माणूस तरी प्रिन्सिपच ना? – एक वाचक, नागपूर

उत्तर : बहुतेक इतिहासकार आता तो फर्डिनांड बेर मानतात. गोळी झाडण्याशी त्याचा संबंध नव्हता. गर्दीतल्या या तरुणाला त्या गोंधळात पोलिसांनी ओढून नेलं. फोटो पोलीस-शिपाई, फेझ टोप्या आणि ओढाताण यांनी इतका जिवंत आहे की चुकीची ओळ शंभर वर्षं त्याला चिकटून राहिली. तुमच्याकडे तो ‘प्रिन्सिपची अटक’ म्हणून असेल, तर खालची ओळ बदलून ‘साराजेव्होतील हत्येनंतरची अटक, बहुधा फर्डिनांड बेर’ अशी करा.