भाकरी थापताना चिरते

प्रश्न : ताई, ज्वारीची भाकरी थापताना कडेने चिरते. कशीबशी तव्यावर पडली तरी फुगत नाही. पीठ महिन्याचं एकदम दळून आणते. माझ्या हाताला वळणच नाही, असं समजू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : हाताला मुळीच दोष देऊ नका. तुमच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली आहे. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. जो काही चिकटपणा असतो तो ताज्या पिठात, आणि पीठ शिळं होईल तसा तोही उतरतो. माझी आई मंगळवेढ्याकडची. तिथल्या काळ्या रानातल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. पण घरात इतका चांगला शाळू असूनही आई आठ दिवसांपुरतंच दळायची.

आहे ते पीठ टाकू नका. पाणी खळखळून उकळा, पिठात ओता, उलथन्याने कालवून पाच मिनिटं झाकून ठेवा. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो. मग हाताला सोसेल तसं, तळहाताच्या टाचेने रगडून मळा. एका वेळी एकाच भाकरीपुरतं. गोळा लोण्यासारखा मऊ लागला पाहिजे. इथे घाई केलीत तर कडा चिरणारच.

आता फुगण्याचं. तवा चांगला तापू द्या. थापताना खाली असलेली पिठाची बाजू तव्यावर वर येऊ द्या आणि तिच्यावर सगळीकडे, अगदी कडेपर्यंत, पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकत आलं, पण ओल अजून दिसतेय, तेवढ्यात उलटा. पूर्ण सुकल्यावर उलटलीत तर पापुद्रा तडकतो आणि वाफ निसटते. मला हा क्षण साधायला खूप दिवस लागले. दुसरी बाजू नीट भाजली की पहिली बाजू थेट आचेवर धरा. आई तव्यावरून काढून चुलीतल्या आराला उभी लावायची. गॅसवरही छान फुगते.

पहिली भाकरी मात्र डब्यात ठेवू नका. पापुद्रा उचलून आत तूप आणि मीठ लावा, तिथेच उभ्याने खा. बाकीच्या भाकरी पिठल्याबरोबर, नाहीतर शेंगादाण्याच्या चटणीवर तेल सोडून. उरलीच तर सकाळी कुस्करून कांदा-मिरचीची फोडणी द्या. आमच्याकडे त्यासाठी मुद्दाम दोन जास्त थापतात.