समोरच्या दोन दातांत फट आहे, एक दात तिरका आहे. लोकांना ते खरंच एवढं दिसतं का?

तुमचा प्रश्न असा की वरच्या पटाशीच्या दोन दातांत फट आहे, त्यातला एक जरा तिरका आहे आणि हसताना हात आपोआप तोंडावर जातो. तर समोरच्याच्या नजरेत हे एवढं भरतं का. मी डेंटिस्ट नाही. डेंटल लॅबमध्ये कॅप, म्हणजे दातावर बसवायचं कृत्रिम आवरण बनवतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे पुढचे दात हातात घेऊन बसलेला माणूस. नजर थोडी बिघडलेली आहे, ते धरूनच वाचा.

दिसतं, पण तुम्हाला दिसतं तसं नाही. तुम्ही आरशापासून वीतभर अंतरावर ओठ ताणून एकेक दात तपासता. समोरचा दोन-तीन हातांवरून बोलतं, हलतं तोंड बघतो. अमेरिकेत कोकिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली हसऱ्या तोंडांचे फोटो मुद्दाम थोडे थोडे बिघडवून ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात सरळ करणारे डॉक्टर), साधे डेंटिस्ट आणि सामान्य लोक अशा तिघांना दाखवले. दातांची मधली रेघ तब्बल ४ मिलिमीटर बाजूला सरकवली, तेव्हा कुठे ती ऑर्थोडॉन्टिस्टना खटकली. सामान्य लोकांना तेवढी सरकूनही कळली नाही! पण पुढचा दात कलता केला, तर २ मिलिमीटरलाच तिन्ही गटांनी तो पकडला. म्हणजे तुमच्या दोन तक्रारींपैकी तिरकेपणाची तक्रार जास्त खरी असू शकते. फटीचं मी एवढं मनावर घेणार नाही. दोन्ही बाजू सारख्या असल्या की ती चेहऱ्याचा भाग होऊन जाते.

एकदा एका बाईंची पुढच्या एकाच दाताची कॅप दोनदा परत आली. पुढच्या दोनांतला एकच दात बनवणं हे आमच्याकडचं सगळ्यात किचकट काम, कारण अस्सल जोडीदार शेजारीच उभा असतो. तिसऱ्या वेळी त्या स्वतःच लॅबमध्ये आल्या. आम्ही चौघांनी त्यांना खिडकीपाशी उभं करून पाहिलं, तर दोघांनी कॅप म्हणून भलताच दात दाखवला. बाई मात्र मोबाईलचा टॉर्च लावून, बोटाने ओठ वर धरून म्हणत होत्या, "हा बघा ना, काळपट." गंमत अशी की तोंड बराच वेळ उघडं राहिलं की खरा दात वाळतो आणि पांढरा दिसायला लागतो, कॅपचं सिरॅमिक आहे तसंच राहतं. त्या जितक्या निरखून बघत होत्या तितका फरक वाढत होता. अर्धा तास तोंड मिटून बसायला सांगितलं (त्यांना ते जरा जडच गेलं), मग तक्रार बरीच निवळली.

रंगाचं एक सांगून टाकतो. सगळे दात एकाच पांढऱ्याशुभ्र शेडचे मागणारे खूप असतात. खऱ्या तोंडात सुळे पटाशीच्या दातांपेक्षा पिवळट असतात, दात हिरडीजवळ गडद आणि कडेला किंचित काचेसारखा असतो. हे काढून टाकलं की लोकांना नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण दात बसवलेले आहेत हे कळतं. डोळ्यांतल्या पांढऱ्यापेक्षा दात पांढरे झाले की माझ्या मते गणित फसलंच.

हसण्याचंही तसंच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मिनेसोटातल्या एका अभ्यासात ८०२ जणांना संगणकावर बनवलेल्या चेहऱ्याची वेगवेगळी हसू दाखवली. जास्त दात दिसले म्हणून हसू जास्त आवडलं असं काही निघालं नाही, आणि डावी-उजवी बाजू अगदी किंचित मागेपुढे उचलली गेली तर ते उलट बरं वाटलं. तोंडावर हात ठेवलात तर मात्र लोकांना हातच दिसतो, आणि त्यामागे काय आहे याची उत्सुकता वाढते.

फट बुजवायचीच असेल तर आधी मापं बघा. वरचा पटाशीचा दात साधारण साडेआठ मिलिमीटर रुंद आणि साडेदहा उंच असतो, आणि रुंदी उंचीच्या ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपास असली की तो डोळ्यांना बरा वाटतो. दोन मिलिमीटरची फट दोन्ही दातांवर वाटून भरली तर प्रत्येक दात साडेनऊचा होतो, म्हणजे उंचीच्या ९० टक्के. फट गेली, पण तिच्या जागी दोन चौकोनी दात आले. म्हणून डेंटिस्टना सांगा की आधी कच्च्या मटेरियलने तात्पुरतं भरून दाखवा. आणि ते आरशात पाहू नका; कुणाला तरी चार पावलांवरून, तुम्ही बोलत असताना व्हिडिओ काढायला सांगा.