रक्ताची तारीख पुढे ढकललेली आई

"मॅडम, चढवलेल्या रक्तातून हिपॅटायटीस बी, तो लिव्हरचा आजार, होतो म्हणे, खरंय का?" थॅलेसेमिया, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन न बनण्याचा जन्मजात आजार, असलेल्या मुलांचे आईवडील मला हे सारखं विचारतात. पण परवा आलेल्या ताई बोलत गेल्या तसं कळलं की ह्याच भीतीने त्यांनी तीन आठवड्यांनी चढवायचं रक्त पाच आठवड्यांवर नेलंय. मुलगा सहा वर्षांचा, हिमोग्लोबिन ६.२, ओठ पांढरेफटक, माझ्या टेबलावर डोकं टेकून गप्प पडलेला.

मला खूप वाईट वाटलं. आधी तेच सांगितलं, ताई, रक्त लांबवू नका, चढवायच्या आधीचं हिमोग्लोबिनसुद्धा ९ च्या वर हवं, नाहीतर हृदयावर, हाडांवर ताण येतो आणि प्लीहा वाढते.

मग त्यांचा प्रश्न. धोका अजिबात नाही असं मी कधीच म्हणत नाही. पिशवी तपासलेली असते, पण दात्याला नुकतीच लागण झालेली असेल तर पहिले काही आठवडे टेस्टमध्ये पकडली जात नाही, ह्याला विंडो पिरियड म्हणतात, थेट विषाणूचा अंश शोधणाऱ्या नॅट टेस्टने तो कमी होतो पण पूर्ण जात नाही. आणि ह्या पोरांना तर आयुष्यभर रक्त लागतं, म्हणून त्यांना लसीचं कवच पाहिजेच.

"तिन्ही डोस झालेत की!" असं म्हणत त्यांनी पिशवीतून वही काढली. प्रत्येक रक्ताची तारीख, पिशवीचा नंबर, सगळं नीट लिहिलेलं, पण अँटी एचबीएस टायटर, म्हणजे हिपॅटायटीस बीपासून वाचवणाऱ्या अँटीबॉडीचं प्रमाण, कुठेच नाही. लस घेतली तरी काही मुलांमध्ये अँटीबॉडी पुरेशा बनत नाहीत किंवा वर्षांनी कमी होतात, आणि हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून तपासून घेतलं. टायटर किमान १० हवा, ह्याचा आला ४. लागण दाखवणारी एचबीएसएजी टेस्ट निगेटिव्ह होती, म्हणजे लागण नव्हती, डॉक्टरांनी बूस्टर दिला.

जाताना ताईंनी हळूच विचारलं, "समजा झालाच, तर धाकटीला ह्याच्याजवळ झोपवायचं की नाही?" झोपवा की! एका ताटात जेवून, मिठी मारून हा पसरत नाही, रक्ताशी संबंध येतो ते जपायचं, म्हणजे टूथब्रश, नेलकटर वेगळे. आणि धाकटीचेही डोस पूर्ण करा.

महिन्याभराने टायटर १८० आला. ताईंनी माझ्याकडूनच गोंद मागून घेतला, रिपोर्ट वहीत चिकटवला आणि खाली पुढच्या रक्ताची तारीख लिहिली, बरोबर तीन आठवड्यांनंतरची.