मोटरच्या दुर्बिणीत गुरू मधोमध आणला, मोटरचा आवाजही येतो, तरी दोन मिनिटांत निसटतो, ट्रॅकिंगमध्ये काय चुकतंय?

भावा, मोटरचा आवाज येतोय आणि तरी गुरू दोन मिनिटांत बाहेर, म्हणजे दुर्बीण आकाशाच्या मागे जातच नाहीये. आकाश 4 मिनिटांत साधारण 1 अंश सरकतं. हँडसेटच्या, म्हणजे दुर्बिणीच्या रिमोटच्या, मेनूत ट्रॅकिंग मोड बघ. साध्या तिपाईवर, वेज (दुर्बीण तिरकी बसवायचा आधार) न लावता ठेवलेल्या दुर्बिणीला ‘ऑल्ट-अझ’ (वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणं) लागतो. तिथं ‘ईक्यू’ (ध्रुवाकडे रोखलेल्या तिरक्या आसाभोवती फिरणं) किंवा ‘ऑफ’ राहिलं असेल तर खेळ खल्लास. वेग ‘साइडरियल’, म्हणजे ताऱ्यांचा, ठेव. चंद्राला मात्र ‘लूनर’, कारण तो ताऱ्यांमधून तासाला जवळपास स्वतःच्या व्यासाएवढा पूर्वेला सरकतो.

खरी गोम वेळेत असते, कारण ठिकाण आणि वेळेवरूनच हँडसेट आकाश ताडतो. कोल्हापूर 16.7 उत्तर, 74.2 पूर्व, हे सगळे बरोबर टाकतात. पण काही हँडसेटमध्ये आपला साडेपाच तासांचा टाइम झोनच नसतो. मग झोन शून्य ठेवून वेळ साडेपाच तास मागची द्यायची: रात्री 8:30 ला 15:00. पहाटे 5:30 च्या आधी बसलास तर तारीखही आदल्या दिवसाची. डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची परदेशी पद्धत) बंद.

तारीख बऱ्याचदा महिना आधी अशी मागतात. पन्हाळ्यावर मी 5 डिसेंबरला 05/12 टाकलं, त्यानं 12 मे धरला आणि अलाइनमेंटला (ओळखीचा तारा दाखवून दुर्बिणीला दिशा समजावायला) चित्रा तारा सुचवला! डिसेंबरात संध्याकाळी चित्रा कुठली दिसायला? थंडीत अर्धा तास मी तिपाईच हलवत बसलो होतो.

एवढं करूनही भरकटली तर सेल बदल. सेल उतरले की हँडसेट चालू दिसतो, पण दुर्बीण वेड्यासारखी वागते.